संशोधन आणि रुग्ण यांच्यामध्ये आम्ही बसलेलो असतो

आरोग्यविषयक वर्तनबदलावर संशोधन करणारे अभ्यासक, त्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्था आणि त्यावरून कार्यक्रम आखणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बाह्यरुग्ण विभागात समुपदेशक आहे. रक्तदाबाचे, मधुमेहाचे, दम्याचे रुग्ण, धूम्रपान सोडायचं ठरवलेली माणसं, हृदयविकाराच्या झटक्यातून सावरलेली माणसं डॉक्टरांना दाखवून झालं की माझ्या टेबलाशी येतात. औषधं नियमित कशी घ्यायची, हालचाल कशी वाढवायची, व्यसन कसं सोडायचं, हे त्यांच्याशी बोलायचं माझं काम. तुमचं लिखाण मी जमेल तसं वाचते. त्यातून मला खूप मिळालं आहे. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगाविशी वाटते.

तुमचा निष्कर्ष रुग्णाच्या घरी पोहोचण्याआधी डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, आरोग्यसेविका यांच्या रोजच्या वागण्यातून जातो. आम्ही वेगळा प्रश्न विचारायला लागलो, वेगळी नोंद ठेवायला लागलो, हाताशी असलेली पाच मिनिटं वेगळ्या तऱ्हेनं वापरायला लागलो, तरच रुग्णासाठी काही बदलतं. म्हणजे पहिला वर्तनबदल आमचा व्हावा लागतो. त्यासाठी आमच्यापर्यंत काय येतं? एक दिवसाची कार्यशाळा, एक पुस्तिका आणि भिंतीला लावायला एक पोस्टर. नुसती माहिती देऊन माणसाचं वागणं बदलत नाही, हे तुम्हीच वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. मग आमच्या बाबतीत माहिती देऊन काम का थांबतं?

तुमच्याच दोन अभ्यासांची आठवण करून देते. २००६ मध्ये थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी ४७ प्रयोग एकत्र करून पाहिले. माणसाच्या इराद्यात मध्यम ते मोठा फरक पडला, तरी प्रत्यक्ष वागण्यात पडणारा फरक लहान ते मध्यमच राहतो, असं त्यांना दिसलं. २०१६ मध्ये १८ अभ्यासांच्या आढाव्यातून कळलं की तुमच्या जनुकांमुळे तुम्हाला अमुक आजाराचा धोका जास्त आहे असं सांगितल्यानं लोक धूम्रपान सोडत नाहीत, व्यायामही वाढवत नाहीत. स्वतःच्या शरीराबद्दलची इतकी नेमकी, इतकी खासगी माहितीही सवयीपुढे हरते. हे वाचल्यावर मी माझ्या टेबलावरच्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. पत्रकं अजून येतात. प्रत्येक नव्या कार्यक्रमाबरोबर येतात.

पत्रकांबरोबर एक चौकोनही येतो. आमच्या केसपेपरच्या तळाशी छापलेलं असतं, 'समुपदेशन केले: होय / नाही'. महिनाअखेरीला सगळ्या 'होय'ची बेरीज होते आणि तो आकडा वर जातो. रुग्ण काय म्हणाला, कशावर अडतो, काय ठरलं, मागच्या खेपेला ठरलेलं जमलं का, यासाठी त्या कागदावर एक ओळसुद्धा नाही. ज्या गोष्टीची नोंद होते तीच आम्ही करतो. रांग दारापर्यंत गेलेली असताना कुणीही करील. समोरच्याला घाईघाईनं चार वाक्यं ऐकवून 'होय'वर खूण करण्याची सवय आमच्यात कामचुकारपणातून आलेली नाही. ती त्या चौकोनानं लावली आहे.

आता चौकोनाबाहेरचं काम कसं असतं ते सांगते. रक्तदाबाचे एक गृहस्थ. गोळ्या वाढवूनही आकडा खाली येईना. केसपेपरवर 'औषधे नियमित घेत नाही' असा शेरा. "गोळ्या घेता ना?" असं विचारलं की "घेतो की" हेच उत्तर मिळतं, आणि ते चुकीचंही नसतं. म्हणून मी विचारलं, "बऱ्याच जणांची एखादी गोळी राहून जाते. तुमची सकाळची राहते की रात्रीची?" तेव्हा ते सैल झाले. रात्रीची राहायची. कामावरून परतायची वेळ ठरलेली नाही, घरी पोहोचेपर्यंत सगळे झोपलेले असतात, आणि गोळ्यांचं पाकीट झोपायच्या खोलीतल्या कपाटात. दिवा लावला तर सगळे जागे होतील, म्हणून ते अंधारातच आडवे व्हायचे.

या माणसाला रक्तदाबाचे धोके पाठ होते. पक्षाघात म्हणजे काय हे त्यांनी जवळच्या नात्यात पाहिलं होतं. त्यांना पुन्हा एकदा भीती घालून काय मिळणार होतं? आम्ही ठरवलं की रात्रीचं पाकीट दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवायचं. ब्रश जागेवर ठेवला की गोळी. हे वाक्य त्यांच्याच शब्दांत केसपेपरच्या मागे लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवायला सांगितलं.

तुम्ही यात तुमची ओळखीची तंत्रं लगेच ओळखाल. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली 'अमुक झालं की मी तमुक करीन' ही योजना आहे. गोल्विट्झर आणि शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांवरून दाखवलं की अशी योजना केल्यानं ठरवलेलं पार पडण्याची शक्यता चांगलीच वाढते. सुझन मिची, मार्त्ये व्हान स्ट्रालेन आणि रॉबर्ट वेस्ट यांनी २०११ मध्ये क्षमता, संधी आणि प्रेरणा अशी जी तीन अंगं मांडली, त्यांतली इथे अडलेली होती ती संधी, आणि आमच्या शेऱ्यानं दोष दिला होता प्रेरणेला. मला हा भेद तुमच्याकडून मिळाला. तो कळल्यापासून 'पेशंट ऐकत नाही' हे वाक्य मी उच्चारू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलं आहे की विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी जेमतेम निम्मे असतात. जे निम्म्या लोकांना जमत नाही, तो त्यांच्या स्वभावाचा दोष कसा असेल?

पण त्या गृहस्थांशी झालेल्या बोलण्यातला जो भाग तुमच्या शोधनिबंधात येत नाही, त्याबद्दल मला खरं बोलायचं आहे. ते बोलणं होऊ शकलं कारण त्या दिवशी गर्दी कमी होती. कारण शेजारची खुर्ची रिकामी होती आणि दुसरं कुणी कान देऊन ऐकत नव्हतं. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा सुदैवानं माझ्याच टेबलाशी आले, म्हणून मला विचारता आलं, "ब्रशपाशी ठेवलेलं जमलं का?" यातलं एकही कारण तंत्रात मोडत नाही. माझी ड्यूटी दुसरीकडे असती तर पुढच्या सहकाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून धोके सांगितले असते. केसपेपरच्या मागची ओळ कुणी पाहत नाही, कारण ती तिथे असेल अशी कुणाची अपेक्षाच नसते.

तंत्र लहान असलं म्हणून ते पोहोचवणं लहान काम ठरत नाही. फ्लूच्या लशीचा मिल्कमन आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला प्रयोग मला म्हणूनच आवडतो. लस घ्यायला या, असं पत्र कर्मचाऱ्यांना जाणारच होतं. काहींच्या पत्रात फक्त दोन रिकाम्या जागा ठेवल्या: कोणत्या तारखेला आणि किती वाजता जाणार, ते स्वतःसाठी लिहा. लस घेणाऱ्यांचं प्रमाण ४.२ टक्के अंकांनी वाढलं. नुसती तारीख विचारली तेव्हा फरक त्याहून बराच कमी पडला. वाढ छोटी आहे, पण त्यासाठी कुणाची वेगळी नेमणूक करावी लागली नाही, कुणाचा वेळ गेला नाही. जे पत्र जाणारच होतं, त्याच्यातच काम झालं. अशी गोष्ट आमच्याकडे उद्या सुरू करता येते. तिच्यासाठी कुणालाही नवं काही आठवणीत ठेवावं लागत नाही.

मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांचा १९७९ मधला अभ्यास याच घराण्यातला. लंडनमधले २८ डॉक्टर आणि त्यांच्याकडे येणारे २,१३८ धूम्रपान करणारे रुग्ण. डॉक्टरांनी एखाददोन मिनिटं सोडण्याचा सल्ला द्यायचा, एक पत्रक द्यायचं आणि नंतर चौकशी करणार असल्याचं सांगायचं. वर्षभरानंतर या गटातले ५.१ टक्के लोक धूम्रपानापासून दूर राहिले होते; काहीच न केलेल्या गटात हे प्रमाण ०.३ टक्के होतं. नुसता सल्ला दिलेल्यांत ते ३.३ टक्के होतं. म्हणजे पत्रक आणि 'मी पुन्हा विचारीन' हे सांगणं, यांचाही वाटा होता. पुन्हा विचारणारं कुणीतरी आहे ही जाणीव किती काम करते, हे मी रोज पाहते.

या अभ्यासाला चार दशकांहून जास्त काळ लोटला. तरी किती ठिकाणी धूम्रपानाबद्दल विचारलंच जात नाही. डॉक्टरांना हे माहीत नाही का? माहीत आहे. त्यांना रुग्णांची फिकीर नाही का? माझ्या आसपासच्या डॉक्टरांबद्दल तसं म्हणणं अन्याय ठरेल. त्यांच्यासमोर रांग आहे, विचारल्यावर पुढे कुठे पाठवायचं ते ठरलेलं नाही, आणि मागच्या वेळी विचारल्याची नोंद समोर दिसत नाही. क्षमता आहे, प्रेरणा आहे, संधी नाही. रुग्णाला लावलेली फूटपट्टी आम्हाला लावा, एवढंच मी मागते आहे.

ती लावल्यावर काय होतं याचं उत्तम उदाहरण जिनिव्हात आहे. हात स्वच्छ करण्याचं महत्त्व डॉक्टर सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ मध्येच दाखवून दिलं होतं. दीडशे वर्षांनंतर, १९९४ च्या अखेरीस जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात निरीक्षण केलं, तेव्हा जिथे हात स्वच्छ करायला हवे होते तिथे ते ४८ टक्के वेळाच केले जात होते. डिडिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांना आणखी व्याख्यानं देण्यावर भर ठेवला नाही. अल्कोहोलयुक्त द्रावणाच्या बाटल्या रुग्णाच्या खाटेपाशी आणून ठेवल्या, खिशात मावतील अशाही दिल्या, पोस्टर कर्मचाऱ्यांच्या सहभागातून केली, निरीक्षणाचे आकडे त्यांना परत दाखवले. १९९७ च्या अखेरीस प्रमाण ६६ टक्क्यांवर गेलं. रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण त्याच काळात १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. साबण आणि पाण्यानं हात धुण्याचं प्रमाण मात्र होतं तेवढंच राहिलं. वाढ झाली ती बाटलीमुळे. नळापर्यंत चालत जाण्याला वेळ लागतो, आणि तो वेळ परिचारिकेकडे नसतो, हे कुणीतरी ओळखलं होतं. त्याच अभ्यासात डॉक्टरांमधली सुधारणा नगण्य होती, हेही प्रामाणिकपणे छापलं आहे. मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं. कुणाला लागू पडलं नाही हे सांगितलं, तरच पुढचं काम कुठून सुरू करायचं ते कळतं.

माझ्या टेबलासाठी ती बाटली कोणती? माझ्या मते एक ओळ: 'पुढच्या भेटीपर्यंत काय ठरलं, आणि मागचं जमलं का.' केसपेपरच्या पुढच्या बाजूला, औषधांच्या खाली, डॉक्टरांच्याही नजरेला पडेल अशी. ती असती तर कुणाही सहकाऱ्याला धागा उचलता आला असता. ती छापण्यासाठी वेगळा प्रकल्प लागू नये.

प्रशिक्षणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे सगळ्यात जास्त पैसा वाया जाताना दिसतो. प्रेरणादायी मुलाखतीचं तंत्र विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलं, स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर पुढे वाढवलं. समोरच्याला पटवण्याऐवजी बदलाची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यायची, हा त्याचा गाभा. ऐकायला सोपं, करायला अतिशय अवघड. सल्ला तोंडातून निसटतोच. याच्या प्रशिक्षणावर तुमच्यातल्याच लोकांनी अभ्यास केले आहेत. नुसत्या कार्यशाळेनंतर कौशल्य काही महिन्यांत ओसरतं. त्यानंतरच्या सहा महिन्यांत तीनचार वेळा कुणी जाणकारानं आपलं बोलणं ऐकून अभिप्राय दिला, तर ते टिकतं. निष्कर्ष स्वच्छ आहे. तरी कार्यशाळा संपली की हजेरीपट, सामूहिक छायाचित्र आणि प्रमाणपत्र यांवर प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद होते. नंतर कुणी माझं एकही संभाषण ऐकत नाही. अधिकाऱ्यांना विनंती आहे, दहा कार्यशाळांऐवजी चार घ्या, आणि उरलेल्या पैशातून प्रशिक्षकाला आमच्या टेबलाशी बसवा. माझी चूक माझ्या रुग्णासमोर घडते. ती तिथेच कुणीतरी दाखवायला हवी.

अशा प्रशिक्षणांत अजूनही '२१ दिवसांत सवय लागते' असं सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना ८४ दिवस रोज एक साधी कृती ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायला सांगितली. कृती आपोआप घडू लागायला मध्यक कालावधी (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला, आणि व्यक्तीगणिक अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट रुग्णासाठी त्याहून महत्त्वाची: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. २१ दिवसांचा आकडा ऐकून गेलेला माणूस महिनाभरानं माझ्यासमोर बसतो तेव्हा 'आपल्यात जिद्दच नाही' अशी त्याची खात्री झालेली असते. त्याच्याकडून काही चुकलेलं नसतं. चुकीचा आकडा आम्ही त्याच्या हातात दिलेला असतो. आणि खरा आकडा २०१० पासून छापील उपलब्ध आहे.

संशोधन रुग्णसेवेत यायला सरासरी १७ वर्षं लागतात आणि तेही त्यातल्या १४ टक्क्यांच्या वाट्याला येतं, हा २००० मधला हिशेब तुमच्या परिषदांत नेहमी सांगितला जातो. तो सांगताना बहुधा रोख असतो की व्यवस्था सुस्त आहे, आम्ही जुन्या वाटा सोडत नाही. त्यात तथ्य आहे. पण जे निबंध वाचून कुणाला उद्या काय करायचं ते कळत नाही, त्यांनी तरी किती वेगानं पोहोचावं?

एका साध्या गोष्टीनं सुरुवात करा: नेमकं काय केलं ते लिहा. 'सहभागींना समुपदेशन देण्यात आले' एवढ्या वाक्यावर मी काय उभं करू? कुणी केलं, किती वेळ, किती वेळा, समोरासमोर की फोनवर, एकट्याशी की गटात, पहिलं वाक्य काय होतं, सहभागी गप्प बसला तर पुढे काय करायचं ठरलं होतं? २०१३ मध्ये मिची आणि सहकाऱ्यांनी वर्तनबदलाच्या ९३ तंत्रांची १६ गटांत मांडणी केली. २०१४ मध्ये 'टायडियर' ही १२ मुद्द्यांची यादी आली, उपक्रमाचं वर्णन पूर्ण कसं करावं यासाठी. दोन्ही चांगली साधनं आहेत. पण 'कृतीचे नियोजन' हे तंत्राचं नाव वाचून मला बोलता येत नाही. मला खऱ्या संभाषणाचा नमुना हवा, त्यातले फसलेले क्षणही हवेत. समुपदेशकांसाठी तुम्ही जी मार्गदर्शिका बनवली, ती प्रकल्पाच्या कपाटात राहू देऊ नका. निबंधाबरोबर मोफत ठेवा.

दुसरं, कुणाला वगळलं ते ठळकपणे सांगा. तुमच्या चाचणीत दोन आजार असलेल्यांना, मानसिक आजारासाठी औषध घेणाऱ्यांना, ठरलेल्या वेळी येऊ न शकणाऱ्यांना बहुधा जागा नसते. माझ्या टेबलाशी तेच येतात. आमंत्रण देऊनही किती जण आले नाहीत, हा आकडा बऱ्याचदा तक्त्याच्या कोपऱ्यात असतो. रसेल ग्लासगो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच 'री-एम' चौकट मांडून सांगितलं होतं की परिणामाबरोबर आणखी चार गोष्टी मोजा: किती लोकांपर्यंत पोहोचलं, किती ठिकाणांनी स्वीकारलं, ठरल्याप्रमाणे राबवलं गेलं का, आणि टिकलं का. या प्रश्नांचा अभ्यास करणारं अंमलबजावणीचं शास्त्र आज उभं आहे, त्याची नियतकालिकं आहेत. पण ते शेजारच्या खोलीत बसतं. मूळ चाचणी आखताना त्या खोलीचं दार कुणी वाजवत नाही. चाचणी यशस्वी झाल्यावर, पैसे संपत आल्यावर, आता हे सगळीकडे कसं न्यावं असा विचार सुरू होतो. तोवर उपक्रमाचा आकार ठरून गेलेला असतो, आणि तो आमच्या दिवसात बसत नाही.

मोठ्या प्रमाणावर नेल्यावर परिणाम किती आकसतो, याबद्दलही आम्हाला आधी सांगा. डेलाव्हिन्या आणि लिनोस यांनी २०२२ मध्ये वर्तनाला हलका टेकू देणाऱ्या उपक्रमांची तुलना केली. शोधपत्रिकांत छापून आलेल्या चाचण्यांत सरासरी वाढ ८.७ टक्के अंक होती. अमेरिकेतल्या दोन मोठ्या सरकारी पातळीवरच्या गटांनी केलेल्या सगळ्याच्या सगळ्या १२६ चाचण्यांत, ज्यांत दोन कोटी तीस लाखांवर लोक होते, ती १.४ टक्के अंक निघाली. या फरकाचं मोठं कारण असं की शोधपत्रिकांत मोठा परिणाम दिसलेल्या चाचण्या जास्त छापल्या जातात. १.४ ही थट्टेवारी नेण्याजोगी संख्या नाही. लाखो लोकांवर ती खूप होते. पण ८.७ चं आश्वासन घेऊन कार्यक्रम सुरू झाला आणि १.४ हाती आलं, की वर्षअखेरीच्या बैठकीत प्रश्न आम्हाला विचारला जातो की तुम्ही नीट राबवलं नाही का. संशोधनाच्या फुगवट्याचा दोष राबवणाऱ्याच्या माथी येतो. पहिल्याच दिवशी खरा अंदाज सांगितलात तर आम्ही छोट्या यशाला यश म्हणू शकू, आणि चांगला उपक्रम दुसऱ्या वर्षी बंद पडणार नाही.

हे नीट करता येतं, आणि केलं गेलं आहे. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत ३,२३४ लोक होते. वजन सात टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल, या उद्दिष्टांसाठी प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक आणि सुरुवातीला १६ सत्रं. २००२ मध्ये निकाल आला: मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. आता प्रत्येक व्यक्तीमागे एक प्रशिक्षित मार्गदर्शक कोण देणार? काही संशोधकांनी हा प्रश्न झटकला नाही. त्यांनी तो अभ्यासक्रम गटासाठी पुन्हा बांधला आणि इंडियानापोलिस शहरातल्या वायएमसीए या सामाजिक संस्थेच्या केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना शिकवला. २००८ मध्ये छापलेल्या त्या प्राथमिक अभ्यासात चार ते सहा महिन्यांनी गटातल्या लोकांचं वजन सरासरी सहा टक्क्यांनी उतरलं होतं, तुलनेच्या गटात दोन टक्क्यांनी. २०१० मध्ये त्यावर राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मूळ उपक्रमाला हात लावायची त्यांना भीती वाटली नाही. काय बदलायचं (एकाऐवजी गट, तज्ज्ञाऐवजी केंद्रातला कर्मचारी) आणि काय तसंच ठेवायचं (उद्दिष्टं, स्वतःची नोंद, सत्रांचा क्रम) हे त्यांनी विचारपूर्वक ठरवलं. आमच्या हाती उपक्रम येतो तेव्हा ही सीमारेषा कुणी आखून देत नाही. मग वेळ नसला की आम्ही मनानं काहीतरी गाळतो, आणि बऱ्याचदा नेमका कामाचा भाग गळतो. सत्राच्या शेवटी योजना लिहून घेणं हे नेहमी पहिलं गळतं, कारण ते शेवटी असतं.

अधिकाऱ्यांना एक वेगळी विनंती. नवं काम देताना जुनं कोणतं काढता ते त्याच परिपत्रकात लिहा. आमच्या दिवसाला तळ आहे. प्रत्येक कार्यक्रम स्वतःची नोंदवही घेऊन येतो आणि एकही नोंदवही जात नाही. रुग्णाकडे पाहून बोलायचा वेळ त्या वह्यांत जातो. आणि वर्तनबदलाच्या नावाखाली ज्या गोष्टी माणसाच्या हातात नाहीत त्यांचा बोजा त्याच्यावर टाकू नका. दोन पाळ्या करणाऱ्या, घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या बाईला 'रोज स्वतःसाठी वेळ काढा' हे सांगताना मला लाज वाटते. तिच्या कामाचे तास, चालायला सुरक्षित रस्ता, औषधाची उपलब्धता हे सगळं संधी या अंगात मोडतं, आणि ते बदलण्याचे अधिकार माझ्या टेबलाशी नाहीत, तुमच्याकडे आहेत.

निधी देणाऱ्या संस्थांना शेवटचं सांगायचं आहे. एखादा अभ्यास सुरू असतो तेव्हा त्याचे कर्मचारी रुग्णांना फोन करतात, आठवण देतात, कशी आहे तब्येत म्हणून विचारतात. अभ्यास संपतो, माणसं जातात, फोन थांबतात. मग रुग्ण आम्हाला विचारतात, त्या फोन करणाऱ्या ताई कुठे गेल्या? त्यांच्या दृष्टीनं कुणीतरी काळजी घेणं सोडून दिलेलं असतं. निबंधात तेव्हा 'बारा महिन्यांनी परिणाम क्षीण झाला' असं लिहिलं जातं. तो परिणाम क्षीण झाला की आपण तो बंद केला, हे तपासायला हवं. म्हणून पुढच्या प्रस्तावात तीन उत्तरं आधी मागा: अभ्यास संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हे काम कोणत्या पदावरची व्यक्ती करणार, तिच्या दिवसातून त्यासाठी कोणतं काम काढून घेतलं जाणार, आणि तिचा पगार कुठून येणार. ही उत्तरं लिहिताना त्या पदावरची एक तरी व्यक्ती चर्चेला बसलेली असावी आणि तिच्या त्या वेळेचे पैसे तिला मिळावेत. ज्या प्रस्तावात ही उत्तरं नाहीत तो परत पाठवा.

कळावे,

आपली नम्र,
बाह्यरुग्ण विभागातील एक आरोग्य समुपदेशक